चढावरचा आकडा

३ मार्च

बारके,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून तेवढा शब्द गाळला आहे. बाकी पत्र कसं लिहितात ते मला येतं.

तुझं खोकं आज दुपारी चाचणीच्या शेडमध्ये पोचलं. खोक्यात थर्माकोल, थर्माकोलात फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, त्यात आपल्या बसच्या टर्बोचं नवं हाउसिंग, म्हणजे टर्बाइनभोवतीचं ओतीव आवरण, आणि वर एक छापील चिठ्ठी : 'आदरणीय सर, सोबतच्या भागाची चाचणी घेऊन अहवालावर आपली सही करून पाठवावी.' सर कोण? तुला सायकल मी शिकवली. तुझा पुढचा दात पडला तो माझ्या हातातला पाना लागून. आणि आता मुख्य कार्यालयात खुर्ची मिळाली तर मी सर.

फोन करणार नाही. फोनवर आपण दोघंही दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि हल्ली तू 'दादा, एक मिनिट होल्ड कर' म्हणतेस. कागदाला होल्डवर ठेवता येत नाही, म्हणून कागद.

हाउसिंग हातात घेऊन पाहिलं. ओतकाम सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. गोगलगाईच्या कवचासारखा नेटका आकार, आतून गुळगुळीत. पण गळा बघ त्याचा. माझा अंगठासुद्धा अडकला. अरुंद गळ्यातून इंजिनाचा धूर जोरात घुसतो, टर्बाइनचं चक्र लवकर वेग घेतं, कमी फेऱ्यांवरच इंजिनाला भरपूर हवा मिळते, मग गाडी वरच्या गिअरमध्ये निवांत चालते आणि डिझेल वाचतं. हे मला शिकवायला येऊ नकोस, हे तुला मी शिकवलं आहे. त्याच्या पुढचंही शिकवलं होतं, ते तू सोयीस्करपणे विसरलीस. त्याच इंजिनाकडे पुरी ताकद मागितली की धुराला बाहेर पडायला वाट उरत नाही. तो मागे दाटतो. पिस्टनचा अर्धा जीव स्वतःचाच धूर ढकलण्यात जातो, सगळं तापतं, आणि वाचवलेलं डिझेल तिथेच जळून जातं. माझं हाउसिंग रुंद गळ्याचं आहे. त्याला जागं व्हायला वेळ लागतो, कबूल. पण जागं झालं की ते कुणाचं ऐकत नाही.

ही बस डोंगरावरच्या वस्त्यांना जायची आहे, पंचवीस माणसं आणि टपावर त्यांचं सामान घेऊन. सपाट रस्त्यावरच्या टॅक्सीचं इंजिन तिला घालून चालणार नाही.

जानेवारीतल्या बैठकीत लांबलचक टेबलाच्या त्या टोकावरून तू म्हणालीस, "दादाचं इंजिन मिरवायला आहे, माझं पोचायला." सगळे हसले. विक्रीप्रमुख तर टेबलावर हात आपटून हसला. त्याचं 'टक्केवारी' हे नाव तूच ठेवलेलं, कारण तो बायकोची तब्येतही टक्क्यांत सांगतो. आता तू त्याच्याच शेजारी बसतेस.

माझ्याकडे पदवी नाही हे मला कोणी सांगायला नको. टर्बोचे ग्राफ वाचायला मी शिकलो तो भंगारात बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन, एकेका ओळीला अर्धा दिवस खर्चून. म्हणूनच मी ते अजून विसरलेलो नाही.

तर आता नीट ऐक. वीस तारखेला ओतकारखान्याला हाउसिंगची ऑर्डर जाणार आहे. चाचणीप्रमुखाच्या सहीशिवाय ती जात नाही, आणि चाचणीप्रमुख अजून मी आहे. तुझ्या हाउसिंगला माझी सही मिळणार नाही.

– चाचणीप्रमुख


८ मार्च

बारके,

काल तू तुझ्या वहिनीला फोन करून पाऊण तास बोललीस. एवढ्या बोलण्यातलं माझ्या वाट्याला एकच वाक्य आलं : "दादाला सांग, आधी लावून बघ, मग ओरड."

मी न बघता नाव ठेवणारा माणूस नाही. हाउसिंग परवाच बसवलं होतं. तुझी वहिनी म्हणते, मग हे तिला कळवायचं होतंत की. मी कशाला कळवू? तू विचारलं नव्हतंस, हुकूम सोडला होतास.

तुझी बाजू आधी सांगतो, कारण मी प्रामाणिक आहे. पंधराशे फेऱ्यांवर तुझ्या हाउसिंगने माझ्या हाउसिंगपेक्षा बराच जास्त जोर दिला. सपाटीच्या चालीला डिझेल अकरा टक्के कमी. हे मी तीनदा मोजलं, कारण पहिल्या दोन वेळा मला पटलं नाही. दर वेळी भार लावला, थांबलो, काटा स्थिर झाला, तेव्हा आकडा लिहिला. काटा थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा या शेडचा नियम आहे आणि तो पाळूनच तुझे अकरा टक्के आले. झालं समाधान?

आता माझी बाजू. फेरे अठ्ठावीसशेच्या पुढे नेले. एक्झॉस्टचं तापमान असं चढायला लागलं की माझा हात आपोआप बंद करायच्या बटणावर गेला. पण मी बटण दाबायच्या आतच इंजिनाचा जोर ओसरला. मला वाटलं हवेचा पाइप निसटला. कव्हर उघडलं, क्लॅम्प तपासले, सगळं जागच्या जागी. पाइप नव्हता, तू होतीस. तापमान वाढलं की डिझेल आपोआप तोडायचं, अशी सूचना तू सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवली आहेस. म्हणजे इंजिन तापतं हे तुला ठाऊक होतं. गळा रुंद करायच्या ऐवजी तू घास लहान केलास, आणि चिठ्ठीत त्याचा उल्लेखही केला नाहीस.

चढाच्या मधोमध ड्रायव्हरने पाय दाबलेला असताना इंजिनाने असं केलं तर तो काय करील, याचा विचार केलास? का तोही सॉफ्टवेअरमध्येच आहे?

मंगळवारी टक्केवारी इथे आला होता. पांढरे बूट घालून इंजिन तपासायच्या टेस्ट बेडच्या खोलीत शिरला आणि पाय कुठे ठेवू असं बघत उभा राहिला. म्हणाला, जाहिरातीत अकरा टक्के छापायला दिलेत, बहिणीने लिहून दिलंय, तुमची सही म्हणजे नुसती औपचारिकता. मी त्याला कान झाकायचे मफ दिले. त्याने ते शोभेला गळ्यात अडकवले आणि बोलत राहिला. मग मी इंजिन सुरू केलं, पुऱ्या भाराला नेलं आणि त्याचं तोंड हलताना बघत उभा राहिलो. माणूस फार चिकाटीचा. बराच वेळ बोलला. शेवटी त्याने मफ कानावर चढवले आणि निघून गेला, ते अजून परत आलेले नाहीत. तुझ्या शेजारीच बसतो ना, मागून घे. शेडच्या मालमत्तेवर नंबर घातलेला आहे.

सही नाही.


१२ मार्च

काल तू गावात आली होतीस.

हे मला कुणाकडून कळलं? आमच्या गेटवरच्या रखवालदाराकडून. "साहेब, ताईंची गाडी तुमच्या घराकडे वळली." मला वाटलं शेडकडे येईल. मी हात धुतले. नवा ग्राफ छापून टेबलावर ठेवला. तुझी खुर्ची... खुर्चीचं काही नाही, तिच्यावर सामान होतं, ते हलवलं.

तू घरी गेलीस, वहिनीबरोबर जेवलीस, तिच्या पडद्यांना शिलाई घालून दिलीस आणि निघून गेलीस. माझ्या घरी येऊन मला न भेटता. असं पाहुणे करतात, आणि तेही फार लांबचे.

घरच्या माझ्या टेबलावर पेपरवेटखाली तू तुझा ग्राफ ठेवून गेलीस. मी तो पाहिलेला नाही. फक्त एवढं सांगतो, माझ्या हाउसिंगची रेषा राखाडी रंगाने काढायचं कारण नव्हतं. ती काही मेलेली नाही. आणि बाराशे फेऱ्यांवर तिचा आकडा तू चार न्यूटन-मीटरने कमी दाखवला आहेस, माझ्या मूळ कागदाशी ताडून बघ.

वहिनीला मी विचारलं, तू काही म्हणालीस का. ती म्हणाली, "तुम्ही दोघंही टर्बोच आहात. तापल्याशिवाय फिरत नाही, आणि फिरायला लागलात की शेजाऱ्यांना ऐकू जातं." टर्बोबद्दल हे तिला कोणी सांगितलं कोण जाणे. माहिती बरोबर आहे. उपमा आगाऊ आहे.

वीस तारीख जवळ आली म्हणून तू तिच्यामार्फत माझं मन वळवायला आली होतीस, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. वळलेलं नाही. उलट आता मी ठरवलं आहे की तुझं म्हणणं चूक असल्याचा पुरावा असा द्यायचा की टेबलाच्या त्या टोकालाही दिसेल. कसा, ते सांगणार नाही.

– दादा


१६ मार्च

बारके,

पुरावा दिला. आता वाच, आणि मध्ये बोलू नकोस.

नमुन्याच्या दोन्ही बस मी काल डोंगरावर नेल्या. एकीत माझं हाउसिंग, एकीत तुझं. दोन्हींत माणसांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या, नीट सीटवर मांडलेल्या. परवानगीचं विचारू नकोस. बस सेवेचा ड्रायव्हर बरोबर घेतला. त्याला सगळे मामा म्हणतात, आणि तो स्वतःला इंजिनाचा डॉक्टर समजतो. त्याला टर्बो म्हणजे काय ते माहीत नाही, हॉर्नशी काहीतरी संबंध असावा असं त्याचं मत आहे. पण तो रस्ता तो वर्षानुवर्षं चढतो.

आधी माझी बस. पायथ्याचा सरळ चढ तिने असा घेतला की गोण्या हलल्या. मी मामाकडे बघितलं. तो पुढचं वळण बघत होता. मग वळणं सुरू झाली. तो घाट तू पाहिला नाहीस. एकेक वळण इतकं तोकडं की बसला जवळजवळ थांबावंच लागतं, आणि तिथून पुन्हा उचलायचं. मामाने वेग कमी केला, फेरे खाली आले, माझं चक्र मंदावलं. वळणातून बाहेर पडताना त्याने पाय दाबला आणि काही झालं नाही. मग काळा धूर. मग पहिला गिअर. मग बऱ्याच उशिरा जोर, तोवर पुढचं वळण आलेलं. मामा म्हणाला, "साहेब, तुमची बस विचार करून निघते."

मी त्याला म्हटलं, तुला चालवता येत नाही. गाडी मी घेतली. तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला, थांबावं लागलं, आणि पुन्हा उचलताना बस जरा रेंगाळली. एवढंच.

मग तुझी बस. खरं सांगायचं तर मी मागच्या सीटवर गोण्यांशेजारी बसलो होतो, कारण तुझ्या बसचं चाललेलं मला पुढून बघवलं नसतं. वळणामागून वळण ती उठत गेली. पाय लागायचा अवकाश, की निघाली. मामा खूश. शिट्टी वाजवायला लागला. मला त्याची शिट्टी अजिबात आवडली नाही. पण वळणं संपून वरचा लांब चढ लागला, जिथे श्वास घ्यायला एकही सपाट तुकडा नाही, तिथे पाण्याच्या टाकीच्या अलीकडेच तुझी सूचना जागी झाली. डिझेल तुटलं. वेग घसरत गेला. मामा पाय दाबतोय, इंजिन गुदमरतंय, मागे तीन मोटारी हॉर्न वाजवताहेत. मामा शिट्टी थांबवून म्हणाला, "ही लगेच उठते, पण चढ लांबला की मान टाकते." माथ्यावर पोचेपर्यंत मागच्या मोटारी ओव्हरटेक करून, वर जाऊन, परत खालीही निघाल्या होत्या.

आता आकडा. दोन्ही बसचं डिझेल टाकीतून काढून वजन करून पाहिलं. तुझे अकरा टक्के घाटावर शून्य झाले. अक्षरशः. तुझ्या बसने जाळलं तेवढंच माझ्या बसने. माझी ताकद तिच्या कामी आली नाही आणि तुझी बचत तिच्या कामी आली नाही. आपण दोघांनी मिळून, सहा वर्षं खपून, त्या घाटाला काहीच दिलं नाही.

मी तिथे माथ्यावर बसच्या पायरीवर बसलो. मामा विचारत होता, तुमच्या कारखान्यात रस्ते नाहीत का. मी त्याला गप्प बस म्हणालो. रस्ते नाहीत हेच खरं. टेस्ट बेडवर आपण भार लावतो आणि काटा स्थिर व्हायची वाट बघतो. तोवर माझ्या चक्राला जागं व्हायला पुरेसा वेळ मिळतो, म्हणून त्याचा आळस कधी आकड्यात दिसलाच नाही. आणि चढाच्या फेऱ्यांवर तुझं इंजिन तापेपर्यंत आपण पुढच्या आकड्याकडे गेलेले असतो, म्हणून अठ्ठावीसशेच्या खालीही लागणारी तुझी धाप दिसली नाही. घाटात काटा स्थिर होतच नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तो एकदाही थांबला नाही, मी बघत होतो.

हे वाचून तुला आनंद होणार असेल तर होऊ दे. माझा राग अजून तुझ्यावरच आहे, आणि कारण सांगतो. काटा थांबल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मी तुला शिकवलं. ठीक. मला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी तेवढंच शिकवू शकलो. पण तू पुढे शिकायला गेलीस. तुला चांगले शिक्षक मिळाले, प्रयोगशाळा मिळाल्या, जगभरचे लोक भेटले. तिथून येऊन तू माझा नियम जसाच्या तसा वापरत राहिलीस? माझी बाकी प्रत्येक गोष्ट मोडलीस, माझा शब्द मोडलास, भर बैठकीत माझं हसं केलंस, आणि नेमकी हीच एक मोडायला हवी होती ती तेवढी देवासारखी पुजलीस. बारके, तुला शिकायला पाठवलं होतं ते मला बरोबर ठरवायला नव्हतं.

– दादा


१८ मार्च

मामाने तुला फोन केला, हे त्याने मला आज आपणहून सांगितलं. वर म्हणाला, "ताई रडल्या हो." मी म्हटलं, मग सांगायचं कशाला?

ठीक आहे, तर तिसऱ्या वळणाचं. जरा रेंगाळली असं मी लिहिलं होतं. ती बंद पडली. मी क्लच सोडला, जोर आला नाही, इंजिन थांबलं आणि बस मागे आली. आपल्या लांबीइतकी मागे आली. मागे कठडा होता. कठड्याला लागली, पण कठडा टिकला. ब्रेक लावताना माझं कपाळ खिडकीच्या चौकटीवर आपटलं, ती खूण किरकोळ आहे, तुझ्या वहिनीने तुला दाराची म्हणून सांगितली कारण मी तिला दाराची म्हणून सांगितली होती. आता दोघी मिळून मला फोनवर जे काही बोललात ते मी ऐकून घेतलं आहे. अर्ध्यावर मी एकदाही तोडलं नाही, याची कुणी दखल घेतलेली दिसत नाही.

गोण्या होत्या. माणसं नव्हती. पण मी रात्रंदिवस तेच बघतोय, की सीटवर गोण्या कशा नीट मांडल्या होत्या मी.

माझ्या हाउसिंगला मी माझी सही देणार नाही. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला, तेव्हा त्यावर काही बोलू नकोस.

तुझ्यालाही नाही. माझी बस उचलताना मेली, तुझी चढताना मरते. पंचवीस माणसं दोन्हींत सारखीच अडकतात.

या कामाच्या पहिल्याच आठवड्यात आपण मधल्या मापाचं एक हाउसिंग मागवलं होतं आणि दोघांनी एकमताने नाकारलं होतं. आपलं एकमत झालेली ती शेवटची गोष्ट. मी त्याला षंढ म्हणालो, तू सभ्य शब्दांत तेच म्हणालीस. ते फळीवर पडून होतं. काल बसवलं. काटा थांबायची वाट पाहिली नाही. मामाने घाट चढताना बसच्या यंत्रात जे फेरे आणि पायाचा दाब नोंदले गेले, त्याच चालीने मी बेडवर भार वरखाली केला, वळणामागून वळण, हाताने. डिझेलचा कॅन वजनकाट्यावर ठेवला आणि पायथ्याला किती होतं, माथ्याला किती उरलं, एवढंच मोजलं. मधलं काही लिहिलं नाही. हात दुखून आले. माझा सहकारी म्हणाला, साहेब, तुम्ही कणीक मळल्यासारखं इंजिन चालवताय.

तिन्ही हाउसिंगं तशीच चालवली. मधलं दोघांनाही हरवतं. वळणातून तुझ्याइतकं चटकन नाही उठत, पण उठतं. लांब चढावर माझ्याइतकं जोरात नाही, पण मान टाकत नाही. डिझेल कॅनमध्ये सगळ्यांत जास्त त्याच्याच उरलं. मागच्या आसाचं गिअरचं गुणोत्तर तू ठरवलं आहेस त्याहून एक पायरी खाली आणावं लागेल, त्याशिवाय जमणार नाही. ते मी तुझ्या हिशेबाच्या पद्धतीने दोनदा तपासलं आहे.

सपाटीवर बचत सात टक्के. अकरा नाही. माझी एकशे चाळीस अश्वशक्तीही गेली, एकशे बावीस राहिली. मी सहा वर्षं लोकांना एकशे चाळीस सांगत होतो. वहिनीच्या भावालासुद्धा.

अहवाल सोबत आहे. सही केली आहे. पण अकरा टक्के तू लिहून दिले आहेस, ते छापखान्यात गेले आहेत, आणि ते परत घ्यायचं काम माझं नाही. मला ते जमणार नाही असं नाही. मी गेलो तर टक्केवारी म्हणेल, म्हाताऱ्याने बहिणीशी भांडण काढलं. तुझा आकडा तुलाच मागे घ्यावा लागेल, टेबलाच्या त्याच टोकावरून. घेतला नाहीस तर हा अहवाल मी वीस तारखेला बस सेवेच्या दारात चिकटवीन, आणि मग मला बहीण आहे हे मी कुणाला सांगणार नाही.


२१ मार्च

बारके,

बैठकीत काय झालं ते मुख्य कार्यालयाच्या टपालवाल्याने सांगितलं. तो चहा द्यायला आत होता आणि चहा देऊन झाल्यावरही बाहेर आला नाही.

तू उभी राहिलीस म्हणे. बसून बोलायची पद्धत असताना. "अकरा टक्के मी दिले होते, ते मी परत घेते. सात आहेत, आणि तेही सपाट रस्त्यावर." टक्केवारीने विचारलं, जाहिरातीचं काय करायचं. तू म्हणालीस, छापलेला कागद मागच्या बाजूने कोरा असतो, तो वापरा. हे तू बोललीस की टपालवाल्याने रचलं, मला माहीत नाही. बोलली असशील तर बरं बोललीस.

मग त्याने विचारलं, हा सात कुणी काढला. आणि तू म्हणालीस, "माझ्या भावाने काढला. मी नुसता तपासला."

हे काय आहे? मी कधी म्हणालो मी काढला? कमी फेऱ्यांवरचा जोर तुझ्या हट्टामुळे आला. तू अरुंद गळ्यासाठी भांडली नसतीस तर मी मधल्यापर्यंत आलोच नसतो, अजून रुंदच करत बसलो असतो. आसाचं गुणोत्तर तुझं, हिशेब तुझा. मला उपकार म्हणून दिलेलं श्रेय चालत नाही, तुला हे आजवर कळायला हवं होतं. अहवालावर माझ्या सहीच्या वर जागा सोडली होती ती कशासाठी? तू खाली सही केलीस. कोपऱ्यात. मुंगीएवढी.

आणि पुढच्या मोटारीचं काम तुझ्याकडून काढून घेतलं, हे तू मला सांगितलं नाहीस, वहिनीलाही नाही. तेही टपालवाल्यानेच सांगितलं. मालकांनी मधल्या हाउसिंगच्या ऑर्डरवर सही केली आणि त्याच पेनाने तुझं नाव दुसऱ्या कागदावरून काढलं. मी 'तुझा आकडा तू मागे घे' असं ऐटीत लिहिलं, तेव्हा हे होईल हे तुला माहीत होतं. मला नव्हतं. माहीत असतं तरी मी तेच लिहिलं असतं, आणि हीच गोष्ट मला आज सकाळपासून जेवू देत नाही. मी मालकांना फोन केला. त्यांनी तो घेतला नाही. पुन्हा करीन. ते घेईपर्यंत करीन.

तुला वाटत असेल मी निवळलो. नाही. अजून एक भांडण बाकी आहे.

मधल्या हाउसिंगने टॉर्कच्या, म्हणजे जोराच्या, रेषेत सतराशे ते एकोणीसशे फेऱ्यांच्या मध्ये एक खड्डा पाडला आहे. बस चालताना तिथे क्षणभर पायाखालून काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. मामा म्हणतो, उचकी लागते. ऑर्डर गेली असली तरी बस रस्त्यावर जायच्या आत तो भरायला हवा. मला तो एका दुपारीत भरता येईल, तेवढ्या फेऱ्यांना जास्त डिझेल ओतून. पण मग सातातला एक टक्का जाईल, आणि ज्या सातासाठी तू उभी राहिलीस त्यातला एक मी माझ्या हाताने घालवणार नाही. दुसरी वाट डिझेलच्या इंजेक्शनची वेळ अंशाअंशाने पुढेमागे सरकवण्याची आहे. ती मला येत नाही. वाचून येईल, पण तोवर बस निघून जाईल. ती तुला येते.

मी सॉफ्टवेअरला हात लावलेला नाही. खड्डा आहे तसा आहे. गुरुवारी टेस्ट बेड मोकळा ठेवला आहे, आठला मी इंजिन सुरू करतो. ते गरम व्हायला अर्धा तास लागतो, आणि गरम झालेलं इंजिन मी कुणासाठी थंड होऊ देत नाही. उशीर केलास तर मी डिझेल ओतीन.

– दादा